सरकारी पैशातून संशोधन, मग डाय, फिक्स्चर आणि चाचणी यंत्र कोणाचे? (खान्देशातील संरक्षण पुरवठादारांसाठी)

वाघूरकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

आपल्या पट्ट्यात दोन आयुध निर्माणी आहेत. भुसावळची १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा भुसावळ 'यंत्र इंडिया'कडे गेली आणि वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे. आता विकासाच्या ऑर्डरी, संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी (टीडीएफ), संरक्षण मंत्रालयाची नवसंशोधन योजना आयडेक्स ही नावे जळगाव, धुळे, नरडाण्याच्या एमआयडीसीतही ऐकू येतात. प्लास्टिकचे साचे आणि शीटमेटल यांत आपला हात बसलेला असल्याने पॅकिंग बॉक्स, कंटेनर, फिटिंग अशी कामे इथे जमण्यासारखी आहेत.

हा धागा एकाच प्रश्नासाठी आहे. संशोधनाच्या पैशातून जी वस्तू *विकत घेतली किंवा बनवली*, तिचा मालक कोण? पेटंटचा प्रश्न वेगळा, त्यावर खाली बोलूच. आधी लोखंडाचे बोलू.

सगळे एकाच आकड्यांवर बोलतील म्हणून एक उदाहरण घेतो, काल्पनिक आहे. दारूगोळ्यासाठी लाकडी पेटीऐवजी पॉलिमरची पेटी विकसित करायची. साचा ४२ लाख, ड्रॉप टेस्टचा स्टँड ९ लाख, गेज (माप तपासायची साधने) ३ लाख, कच्चा माल ६ लाख, डिझाइन व पगार २८ लाख, बाहेरच्या चाचण्या १२ लाख, सॉफ्टवेअर ५ लाख, किरकोळ ५ लाख. एकूण १ कोटी १० लाख. ९० टक्के अनुदान धरले तर सरकारचे ९९ लाख, कंपनीचे ११ लाख.

प्रकल्प संपला. ६० नमुना पेट्या सुपूर्द केल्या. साचा आणि स्टँड शेडमध्ये उभे आहेत. कोणाचे?

---

जडवस्तू

वाघूरकाठ भाऊ, उत्तर यंत्राकडे बघून मिळत नाही, ते कोणत्या कागदावर आले त्यावरून मिळते. कागद तीन प्रकारचे असतात आणि तिघांचे कायदे वेगळे आहेत.

पहिला प्रकार *खरेदी किंवा विकास करार*. ठरलेली किंमत, ठरलेले नमुने, ठरलेली तारीख. इथे १९३० चा मालविक्री कायदा लागतो. कलम १९ सांगते की मालकी कधी हस्तांतरित होणार हे दोन्ही पक्षांच्या इराद्यावर ठरते आणि इरादा करारातून वाचला जातो. करारात फक्त '६० पेट्या' ही देय वस्तू असेल, तर पेट्या ऑर्डर देणाऱ्या संरक्षण खात्याच्या होतात. साचा हे पेटी बनवायचे साधन, तो कंपनीचा राहतो. करारात 'टूलिंग: १ संच, ४२ लाख' अशी स्वतंत्र ओळ असेल आणि ती देय वस्तूंच्या यादीत असेल, तर साचा खात्याचा, मग तो तुमच्या शेडमध्ये दहा वर्षे उभा का असेना.

दुसरा प्रकार *अनुदान*. इथे विक्रीच नाही. सरकारने हेतू ठरवून पैसे दिले आणि अटी घातल्या. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला (जीएफआर) नियम २३० या अटींचा पाया आहे. अनुदानातून पूर्णतः किंवा मुख्यतः घेतलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विल्हेवाटीला काढता येत नाही. म्हणजे बिल तुमच्या नावाचे, ताबा तुमचा, पण विकायचा, गहाण टाकायचा किंवा दुसऱ्या कामाला वळवायचा हक्क बांधलेला. मंजुरीपत्रात त्यापुढे जाऊन 'मालमत्ता शासनाची राहील' असे लिहिले असेल, तर मालकीही गेली.

तिसरा प्रकार *खात्याने वापरायला दिलेली वस्तू*. नमुना पेटी, सीलबंद ड्रॉइंग, गेज, कधी कच्चा माल. हा १८७२ च्या करार कायद्यातला निक्षेप (ठरावीक कामासाठी सोपवलेली, काम झाले की परत द्यायची वस्तू), कलम १४८ पासून पुढे. मालकी एक क्षणही तुमची होत नाही.

एका प्रकल्पात हे तिन्ही एकत्र येतात, आणि घोळ तिथेच होतो.

---

नंदुरबारी

मन्हा एक सरळ प्रश्न शे. सरकारने ९० टक्के दिले, तर साच्यात सरकारचा ९० टक्के हिस्सा आणि कंपनीचा १० टक्के, असेच ना?

---

जडवस्तू

नाही दादा. हा गैरसमज फार पसरला आहे म्हणून ठासून लिहितो. खर्चाची वाटणी म्हणजे मालकीची वाटणी नव्हे. ९०:१० हे निधीचे प्रमाण आहे. सहमालकी हवी असेल तर ती करारात शब्दांत लिहावी लागते.

उलट बाजूही लक्षात घ्या. सरकारने आगाऊ रक्कम दिली म्हणून वस्तू सरकारची झाली असेही आपोआप होत नाही. पैसे देणे आणि मालकी जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

टीडीएफचे आकडे इथेच देतो. अनुदान प्रकल्प खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत. प्रकल्पाची मर्यादा १० कोटींवरून २०२२ मध्ये ५० कोटी झाली. विकासाचा काळ जास्तीत जास्त चार वर्षे. प्रकल्पातून निर्माण होणारी बौद्धिक संपदा डीआरडीओ आणि विकासक कंपनी यांची *संयुक्त*. हे 'संयुक्त' बौद्धिक संपदेबद्दल आहे. लोक हाच शब्द उचलून साच्याला लावतात, ते चूक.

---

साचेकर

साच्याबद्दल कारखान्याच्या बाजूने लिहितो, कारण कागदावर 'साचा' हा एक शब्द असतो आणि जमिनीवर त्यात पाच वस्तू असतात.

मोल्ड बेस (साच्याचा सांगाडा), कोर-कॅव्हिटीचे इन्सर्ट (पेटीला आकार देणारे भाग), हॉट रनर (वितळलेले प्लास्टिक साच्यात पोचवणारी तापती वाट) व त्याचा कंट्रोलर, इजेक्शनची यंत्रणा आणि कूलिंगची जोडणी. बऱ्याच ठिकाणी मोल्ड बेस कारखान्याचा जुना असतो आणि त्यात प्रकल्पाचे नवे इन्सर्ट बसवतात. बिल मात्र 'इंजेक्शन मोल्ड, १ नग' असे एकच फाडले जाते. पुढे खात्याने साचा मागितला की बेससकट जातो. म्हणून ऑर्डर देतानाच बिलाच्या ओळी तोडा: 'इन्सर्ट संच, पी-२० पोलाद, प्रकल्प निधीतून' वेगळी ओळ आणि 'मोल्ड बेस, कंपनीचा, परत करावयाचा' ही वेगळी नोंद.

दुसरी चूक सुधारणांची. पहिल्या ट्रायलमध्ये पेटीच्या कोपऱ्यात सिंक मार्क (खळगा) येतो किंवा झाकण वाकते. कारण बहुतेक वेळा रिब जाड असते किंवा दोन्ही बाजूंचे कूलिंग असमान असते. मग कंपनी स्वतःच्या पैशाने गेट (प्लास्टिक आत शिरायची जागा) हलवते, हॉट रनर बसवते. सरकारी साच्यात तुमचा हॉट रनर बसला. तो वेल्डने नाही, बोल्टने बसला आहे, काढता येतो. पण नोंद नसेल तर तो साच्याचाच भाग समजला जाईल. जोडण्याआधी एक पत्र पाठवा: काय बसवत आहोत, खर्च कोणाचा, साचा परत देताना काढून घेणार की नाही. पोच घ्या. कॅव्हिटीत वेल्डिंग करून पुन्हा मशिनिंग केले तर ते वेगळे काढताच येत नाही, तिथे फक्त खर्चाची भरपाई मागता येते, तीही आधी मंजूर असेल तरच.

तिसरी गोष्ट डायच्या किमतीची. काही जण डायचा खर्च वेगळा न दाखवता नगाच्या दरात मुरवतात. ४२ लाखांचा साचा, २०,००० पेट्या धरल्या तर नगामागे २१० रुपये. ऑर्डर ६,००० वर थांबली तर १२ लाख ६० हजार वसूल झाले आणि २९ लाख ४० हजार अडकले. अशा वेळी साचा तुमचा राहतो हे खरे, पण दुसऱ्या कुणाला न लागणारा साचा म्हणजे पोलादाच्या भंगाराचा भाव. दर देताना 'इतक्या नगांखाली ऑर्डर थांबल्यास उरलेला टूलिंग खर्च देय' ही ओळ टाकलीच पाहिजे.

---

वाघूरकाठ

साचेकर आप्पा, बेस आणि इन्सर्टचा मुद्दा मोलाचा. ड्रॉप टेस्टच्या स्टँडचे काय? तो नमुन्यांसोबत जात नाही, पण प्रकल्पाच्या पैशातून आला.

---

साचेकर

स्टँड बांधायच्या आधीच विचार करा की तो लागतो का. संरक्षण मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या डीजीक्यूएच्या प्रयोगशाळा आणि चाचणी मैदाने खासगी उद्योगांना शुल्क भरून खुली केली आहेत. शिवाय संरक्षण चाचणी सुविधा योजना (डीटीआयएस) मे २०२० मध्ये आली, ४०० कोटींची. त्यात ७५ टक्क्यांपर्यंत केंद्राचे अनुदान आणि उरलेले उद्योग व राज्य मिळून बनलेल्या विशेष कंपनीचे. म्हणजे तिथली यंत्रे त्या कंपनीकडे, तुम्ही वापराचे शुल्क भरता. शुल्क हा महसुली खर्च, त्यातून मालमत्ता उभीच राहत नाही आणि मालकीचा प्रश्नही उरत नाही.

तरी रोजच्या सुधारणांसाठी घरचा स्टँड लागतोच. मग तो प्रकल्प निधीत न टाकता कंपनीच्या १० टक्क्यांच्या हिश्श्यात टाका. ९ लाखांचा स्टँड ११ लाखांच्या हिश्श्यात बसतो. खरेदीची ऑर्डर, बिल, बँकेतून गेलेले पैसे, तिन्ही कंपनीच्या खात्यातून. फक्त हे *मंजुरीच्या आधीच्या अंदाजपत्रकात* दिसले पाहिजे. नंतर कागद फिरवता येत नाहीत.

---

ताळेबंद ताई

आप्पांनी बरोबर सांगितले, त्याला हिशेबाची जोड देते.

अनुदानाचे वेगळे बँक खाते ठेवा. त्यावर मिळालेले व्याज तुमचे नाही. नियम २३०(८) प्रमाणे हिशेब पूर्ण होताच ते भारताच्या संचित निधीत भरायचे असते. हे व्याज यंत्राच्या वाढीव खर्चाला वापरले की पुढचा हप्ता अडतो. उपयोगिता प्रमाणपत्र नियम २३८ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत, जीएफआर १२-ए या नमुन्यात. पण पुढचा हप्ता हवा असेल तर १२ महिने थांबायचे नसते.

मालमत्ता नोंदवहीचा नमुना जीएफआर २२, संपणाऱ्या मालाचा २३. आपल्याकडे जुने लोक ज्याला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात तीच ही. प्रकल्पाची नोंदवही कंपनीच्या नेहमीच्या नोंदवहीत मिसळू नका.

आता आयकर. १९६१ च्या कायद्यातल्या (१ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा) कलम ४३(१) चे स्पष्टीकरण १० वाचा. मालमत्तेच्या किमतीचा जो भाग सरकारी अनुदानातून आला, तो 'प्रत्यक्ष किमती'तून वजा होतो. साचा कंपनीच्या मालकीचा आहे आणि ९० टक्के अनुदानातून आला असे धरा. घसाऱ्यासाठी किंमत ४२ लाख नाही, ४ लाख २० हजार. प्लास्टिक कारखान्यातल्या साच्यांना ३० टक्के दर, म्हणजे पूर्ण वर्ष वापर असेल तर पहिल्या वर्षी १ लाख २६ हजार. कोणी ४२ लाखांवर १२ लाख ६० हजार घसारा घेतला तर तो नंतर व्याजासकट उलटतो. अनुदान एका वस्तूशी थेट जोडलेले नसेल, पूर्ण प्रकल्पाला असेल, तर प्रमाणात वाटून वजा करायचे.

आणि साचा सरकारचा असेल तर? तुमच्या मालमत्तेच्या गटात तो येतच नाही. घसारा शून्य. लेखापरीक्षकाला करार दाखवल्याशिवाय हा फरक कळणार नाही, कारण बिलावर नाव तुमचेच असते.

ताळेबंदात लेखा मानक १२ दोन वाटा देते: अनुदान मालमत्तेच्या किमतीतून वजा करा, किंवा पुढे ढकललेले उत्पन्न म्हणून दाखवून वर्षावर्षाला उतरवा. एक वाट धरा, दरवर्षी बदलू नका.

---

चलनवाला

जीएसटीवर एक महत्त्वाची गोष्ट राहिली. साचा ग्राहकाचा असून फुकट वापरायला मिळाला असेल, तर त्याची किंमत पेटीच्या करपात्र किमतीत धरायची का? केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे (सीबीआयसी) ८ जून २०१८ चे परिपत्रक ४७/२१/२०१८ यावरच आहे. ग्राहकाने आपला साचा करारानुसार फुकट दिला तर तो पुरवठा नाही आणि त्याची किंमत मालात मिळवायची नाही. पण करारानुसार साचा *उत्पादकाने आणायचा होता* आणि तरी ग्राहकाने दिला, तर साच्याची मुरवलेली किंमत मालाच्या किमतीत मिळवावी लागते. म्हणजे मालकीचे एक वाक्य करारात चुकले की नगामागे कर बदलतो.

साचा जळगावहून दुसऱ्या मोल्डरकडे जॉबवर्कला जात असेल तर जीएसटी कायद्याचे कलम १४३ बघा. कच्चा माल एक वर्षात परत, यंत्र तीन वर्षांत परत. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत लागू नाही. पण चलन सुटत नाही. चलनावर 'मालक' असा रकाना छापून घ्या आणि तिथे कंपनीचे नाव आपोआप पडू देऊ नका. आयटीसी-०४ हे विवरण पाच कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही, खाली असेल तर वार्षिक.

अनुदान म्हणून आलेल्या रकमेवर कर नाही असेही गृहीत धरू नका. केंद्र-राज्य सरकारचे अनुदान 'मोबदल्या'च्या व्याख्येतून वगळले आहे, पण ठरलेल्या किमतीला ठरलेली वस्तू द्यायची असेल तर त्याला अनुदान हे नाव देऊन भागत नाही.

---

तापी-गिरणा

सगळ्यात महाग पडणारी चूक अजून कोणी लिहिली नाही: बँक.

कॅश क्रेडिट घेताना बँक 'कंपनीची सध्याची व भविष्यातली सर्व यंत्रसामग्री' तारण लिहून घेते. कंपनी निबंधकाकडे सीएचजी-१ हा तारण नोंदणीचा अर्ज भरला जातो. त्या शेडमध्ये सरकारी साचा उभा असेल तर बँकेचा मूल्यांकनकार त्यालाही मोजतो. तुम्ही सही करता. जे आपले नाही ते तारण दिले, असा अर्थ निघतो. उपाय सोपा आहे: तारण करारालाच परिशिष्ट जोडा, 'खालील वस्तू तृतीय पक्षाच्या असून तारणातून वगळल्या आहेत', आणि प्रत्येक वस्तूचा ओळख क्रमांक द्या. मासिक स्टॉक स्टेटमेंटमध्ये खात्याने दिलेला कच्चा माल धरू नका.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम १८ खालचे स्पष्टीकरण स्पष्ट आहे. निक्षेपाने किंवा अन्य कराराने कंपनीच्या ताब्यात असलेल्या तृतीय पक्षाच्या वस्तू तिच्या मालमत्तेत धरायच्या नाहीत. कलम ३६(४) मध्ये लिक्विडेशनच्या वेळीही तेच. पण कलम १४(१)(ड) प्रमाणे स्थगिती चालू असताना मालकालाही आपली वस्तू कंपनीच्या ताब्यातून उचलून नेता येत नाही. म्हणजे खात्याचा साचा खात्याचाच राहतो, पण तेवढा काळ शेडमध्ये अडकतो. म्हणून खात्याचे अधिकारी वेगळी पाटी, वेगळी जागा, वेगळी नोंदवही मागतात. त्यांचा तो हट्ट योग्य आहे.

---

गेजवाला

पाटीबद्दल. स्टिकर चालत नाही. साच्यावर मोल्ड रिलीजचा फवारा, तेल आणि उष्णता, तीन महिन्यांत स्टिकर गळतो. बेसच्या ऑपरेटरकडच्या बाजूला कोरून घ्या किंवा स्टेनलेस पट्टी स्क्रूने बसवा. त्यावर मालक, करार क्रमांक, वस्तू क्रमांक, साल आणि वजन. वजन यासाठी की साचा हलवताना क्रेनची क्षमता बघावी लागते, आणि परत देताना वजन जुळले की इन्सर्ट बदललेला नाही याचा एक पुरावा राहतो. गेजवर कोरू नका, मापाचा पृष्ठभाग बिघडतो. त्याच्या पेटीवर आणि हँडलवर क्रमांक टाका.

जपणूक हा मालकीचाच भाग आहे. करार कायद्याचे कलम १५१ म्हणते, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्या. आता आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४२ च्या वर जातो. मापाचे प्रमाण तापमान २० अंश. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. ५०० मिमीचा गेज ४२ अंशांवर ०.१२७ मिमी मोठा असतो. एचडीपीई प्लास्टिकची पेटी त्याच्या दहापटीहून जास्त वाढते. दुपारी मोजलेली पेटी गेजमध्ये जात नाही म्हणून नाकारली जाते आणि सकाळी तीच पास होते. मापन वातानुकूलित खोलीत करा, पेटी आणि गेज दोन्ही तिथे मापनाआधी किमान रात्रभर ठेवा. खात्याचा गेज शेडच्या खिडकीत ठेवून बिघडला तर 'आमचा दोष नाही' म्हणायला जागा उरत नाही.

कॅलिब्रेशन एनएबीएल मान्य प्रयोगशाळेतून. त्याचा खर्च कोणाचा हे करारात लिहा. विम्यातही 'आमच्या ताब्यातील परक्या वस्तू' असा स्वतंत्र उल्लेख लागतो. नेहमीची पॉलिसी फक्त तुमच्या मालकीच्या वस्तूंना पुरते.

---

स्टोअर-खिडकी

फुकट दिलेल्या कच्च्या मालाचा ताळा कसा जमवायचा ते एका उदाहरणाने दाखवतो, कारण मालकीचा वाद सर्वाधिक इथे होतो.

खात्याने १,००० किलो प्लास्टिकचा दाणा दिला. पेटीचे वजन ८.६ किलो. १०० पेट्या, ८६० किलो. स्प्रू, रनर (वाटांत गोठलेले प्लास्टिक) व मशीन सुरू करतानाचा वाया माल ९० किलो. चाचणीत फुटलेल्या पेट्या वरच्या १०० मध्ये नाहीत, त्या ३, म्हणजे २५.८ किलो. बेरीज ९७५.८. राहिले २४.२ किलो. हे कुठे आहे? हॉपरमध्ये, ड्रायरमध्ये, की दाण्यातल्या ओलाव्यात गेले? हे उत्तर महिनाअखेर द्यायचे, प्रकल्प संपल्यावर नाही. वाया जाण्याची टक्केवारी करारात आधी ठरवा. नाही ठरली तर शून्य धरली जाण्याचा धोका आहे.

९० किलो रनरही खात्याचाच माल आहे. तो दळून आपल्या ड्रमच्या उत्पादनात टाकणे म्हणजे परक्याचा माल वापरणे. परत द्यायचा, की कंपनीने किंमत भरून ठेवायचा, की खात्यासमोर नष्ट करायचा, हे लिहून घ्या. नाकारलेल्या पेट्या तर अखंड भंगारात जाताच कामा नयेत. खुणा असलेली दारूगोळ्याची पेटी बाजारात दिसली की चौकशी लागते. कापा, फोटो काढा, वजन लिहा, दोघांच्या सह्या घ्या.

बठ्ठा कागद एकच फाईलमा ठेवा: आवक चलन, रोजची मशीन शीट, नाकारल्याची नोंद, वजनकाट्याची पावती.

---

नंदुरबारी

आणि ड्रॉइंग? साचा गेला तरी ड्रॉइंग आपल्याकडे असले तर दुसरा साचा बनवता येतो ना?

---

जडवस्तू

साचा ही वस्तू आणि ड्रॉइंग हा हक्क, दोघांचा मालक वेगळा असू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'सरकारी कृती' म्हणजे सरकारच्या किंवा त्याच्या खात्याच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली तयार झालेली कृती. कलम १७(ड) प्रमाणे उलट करार नसेल तर पहिला मालक सरकार. म्हणून 'उलट करार' हे दोन शब्द वाया घालवू नका. प्रकल्पाआधी कंपनीकडे असलेली ड्रॉइंग, लॉकची रचना, सीलचा आडवा छेद, यांची यादी पहिल्याच दिवशी तारखेनिशी जोडा आणि तिला 'पूर्वीची संपदा' म्हणा. नंतर बनले ते 'प्रकल्पातील संपदा'. ही यादी नसली की सगळेच प्रकल्पातले ठरते.

खात्याने दिलेली सीलबंद ड्रॉइंग वेगळी. ती सीलबंद तपशील सांभाळणाऱ्या ज्या प्राधिकरणाची (एएचएसपी) आहेत त्यालाच परत जातात, झेरॉक्ससकट. त्यावर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे.

पेटंट अर्ज करायचा असेल तर १९७० च्या कायद्याचे कलम ३५ संरक्षणाशी संबंधित शोधावर गुप्ततेचा आदेश देऊ शकते आणि कलम ३९ प्रमाणे परवानगीशिवाय परदेशात आधी अर्ज करता येत नाही. पेटंट तुमच्या नावाचे असले तरी कलम ९९, १०० खाली सरकार ते वापरू शकते. 'मेक-१' प्रकारात (संरक्षण खरेदी कार्यपद्धती, डीएपी २०२०, १ ऑक्टोबर २०२० पासून) सरकार नमुन्याच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत देते, आणि तिथे सरकार 'मार्च-इन' हक्क राखते: कंपनीने तंत्रज्ञान वापरात आणले नाही तर ते दुसऱ्याला द्यायला लावण्याचा हक्क. हा हक्क यंत्रावर नाही, ज्ञानावर आहे.

---

अवधान-धुळे

अमेरिकी कंपनीचे उप-कंत्राट घेणाऱ्यांसाठी तिथली पद्धत थोडक्यात, कारण त्यांचे कलम जसेच्या तसे आपल्या ऑर्डरला चिकटून येते.

तिथे हे सगळे एका कलमात आहे: अमेरिकी सरकारी खरेदी नियमावलीचे (एफएआर) कलम ५२.२४५-१. खर्च भरून देण्याच्या करारात कंत्राटदाराने विकत घेतलेली आणि थेट खर्च म्हणून वसूल होणारी वस्तू पुरवठादाराने पोचवली त्या क्षणी सरकारची होते. ठरीव किमतीच्या करारात ती कंत्राटदाराची राहते, देय वस्तू म्हणून लिहिली नसेल तर. पण त्याच करारात टप्प्याटप्प्याने आगाऊ पैसे (५२.२३२-१६) घेतले की मालकी पुन्हा सरकारकडे. आपल्याकडे आगाऊ रकमेने मालकी आपोआप जात नाही असे वर आले आहे, तिथे कलमाने जाते. हा फरक धुळ्याच्या कारखान्याने ऑर्डर सही करताना वाचलाच पाहिजे, कारण परिशिष्टात फक्त क्रमांक छापलेला असतो, मजकूर नसतो.

शोधांसाठी तिथे १९८० चा बेह-डोल कायदा, लहान कंपनीला शोधाची मालकी ठेवू देणारा. तांत्रिक माहितीसाठी डीएफएआरएस, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याची पुरवणी नियमावली: संमिश्र निधी असेल तर सरकारला 'सरकारी कामापुरते हक्क' साधारण पाच वर्षे, नंतर अमर्याद. ड्रॉइंगवर ठरलेली मर्यादेची ओळ छापली नाही तर अमर्याद हक्क दिले असे समजले जाते. म्हणून प्रत्येक शीटवर टायटल ब्लॉकच्या वर ती ओळ.

---

वाघूरकाठ

आता शेवटचा टप्पा. प्रकल्प बंद करताना नेमके काय करायचे? ताई, तुम्हीच लिहा.

---

ताळेबंद ताई

बंद करायच्या तीन महिने आधी सुरुवात करा.

आधी प्रत्यक्ष मोजणी. जीएफआरच्या नियम २१३ प्रमाणे वर्षातून एकदा ती होतेच, ही त्याहून वेगळी, खात्याच्या प्रतिनिधीसमोर. नोंदवहीतली प्रत्येक ओळ, वस्तूवरचा क्रमांक, जागा, स्थिती: चालू, दुरुस्तीयोग्य, निकामी. सापडली नाही ती वस्तू त्याच दिवशी लिहा. नंतर सापडली तर पुरवणी लिहिता येते. नंतर हरवल्याचे कळवले तर विश्वास जातो.

मग विल्हेवाटीचा प्रस्ताव. प्रत्येक वस्तूपुढे चारपैकी एकच शब्द: परत, खरेदी, वापर चालू, भंगार. 'खरेदी' म्हणजे कंपनी किंमत भरून मालकी घेणार. त्यासाठी घसारा वजा जाता किंमत पुरेशी नाही, स्वतंत्र मूल्यांकन जोडा. 'वापर चालू' म्हणजे उत्पादनाची ऑर्डर येईपर्यंत ताब्यात ठेवणार. त्याला मुदत, भाडे आहे की नाही, विमा आणि परत करण्याचे ठिकाण लागते. सरकारच्या मालकीच्या वस्तूचे भंगार काढायचे तर नियम २१७, २१८ ची वाट: आधी निकामी घोषित, मग अंदाजित शिल्लक किंमत २ लाखांवर असलेली वस्तू जाहिरात देऊन निविदा किंवा जाहीर लिलावाने.

मोठ्या अनुदानाचा हिशेब कॅगकडेही जाऊ शकतो. १९७१ च्या कायद्याचे कलम १४ प्रमाणे वर्षात २५ लाखांपेक्षा कमी नाही आणि एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी नाही इतके अनुदान असेल तर. आपल्या उदाहरणातली कंपनी इतर उलाढालीमुळे ७५ टक्क्यांत बसणार नाही, पण फक्त या प्रकल्पासाठी काढलेली नवी कंपनी बसेल. शिवाय मंजुरीपत्रात तपासणीचा हक्क वेगळा राखलेला असतोच.

पत्राला उत्तर येईपर्यंत काहीही हलवायचे नाही. उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. स्मरणपत्र दर ३० दिवसांनी, आधीच्या पत्राचा क्रमांक टाकून.

---

साचेकर

ताईंच्या यादीत साच्याची तयारी जोडतो. 'परत' लिहिले की साचा तसाच ट्रकवर चढवू नका. शेवटच्या शॉटचा नग साच्यासोबत बांधा, तो त्याच्या स्थितीचा पुरावा. कूलिंगच्या वाटांतले पाणी हवेने काढा, नाहीतर गंज धरतो. कोर-कॅव्हिटीवर गंजरोधक फवारा, दोन्ही अर्धे पट्टीने जोडून बोल्ट लावा, इजेक्टर मागे ओढलेला ठेवा. स्वतःचा हॉट रनर कंट्रोलर काढला असेल तर कनेक्टरच्या पिनची आकृती द्या. ती नसली की पुढचा मोल्डर साचा चालवू शकत नाही आणि साचा बिघडवून दिला असा ठपका येतो. वजन करा, पाटीचा फोटो काढा, चलनावर मालकाच्या रकान्यात खात्याचे नाव आणि मूल्याच्या रकान्यात 'विक्री नाही, मालकाची वस्तू परत' असे लिहा.

---

वाघूरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. करारात टाकायचा मसुदा या चर्चेतून असा लिहिला आहे, चुकत असेल तर दुरुस्त करा:

'परिशिष्ट अ मधील वस्तू विकासकाच्या मालकीच्या राहतील. परिशिष्ट ब मधील वस्तू खात्याच्या असून विकासक त्या निक्षेपाने धारण करील. परिशिष्ट क मधील वस्तू अनुदानातून घेतल्या असून विकासकाच्या नावे राहतील, मात्र पूर्वपरवानगीशिवाय त्यांची विल्हेवाट, तारण वा अन्य वापर होणार नाही. कोणत्याही परिशिष्टात नसलेली वस्तू खरेदी करण्यापूर्वी तिचे परिशिष्ट लेखी ठरवले जाईल.'

---

तापी-गिरणा

'ब' मध्ये एक ओळ वाढवा भाऊ: 'विकासकाने स्वखर्चाने जोडलेले व विनानुकसान काढता येणारे भाग परिशिष्ट अ मध्ये गणले जातील.' आप्पांचा हॉट रनर त्यात बसतो. आणि तिन्ही परिशिष्टांच्या प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांची सही, फक्त शेवटच्या पानावर नको.